पोंग्यातल्या अळीचे फोटो पुण्याला पाठवताना: प्रकल्प नोंदी, खरीप २०२४

१० जून, धडगाव

आजपासून नोंदी सुरू. आधी काम काय आहे ते लिहून ठेवते नाहीतर सप्टेंबरमधे मलाच आठवणार नाही. सातपुड्यात अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या उतारावरचे ९ पाडे, पीक मका आणि ज्वारी. प्रत्येक पाड्यावर एक पोरगा नाहीतर पोरगी, हातात साधा अँड्रॉइड फोन, शेतात फिरून किडीचे फोटो काढायचे, ते पुण्यात आमच्या कीटकवाल्या मॅडमकडे पोचवायचे आणि मॅडम जे सांगतील ते परत शेतकऱ्यापर्यंत न्यायचं. पुण्यातल्या मीटिंगमधे एकजण म्हणाला, "व्हॉट्सॲप ग्रुप काढा ना, झालं." काढला. आपल्याला ग्रुपमधे घेतलंय हे ९ पैकी ६ जणांना कळायलाच चार दिवस लागले.

घाई कशाची तर लष्करी अळीची. २०१८ मधे ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही आली. अंड्यांचा एकेक पुंजका शे-दोनशेचा. अळी बारीक असते तेव्हा पान नुसतं खरवडते, पांढरे पापुद्रे दिसतात, त्या वेळी ५ टक्के निंबोळी अर्काने काम भागू शकतं. एकदा मोठी होऊन पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरली की वर तिच्याच विष्ठेचं बूच बसतं, लाकडाच्या भुशासारखं, आणि मग वरून काय वाट्टेल ते फवारा, तिच्यापर्यंत जातच नाही. आठ-दहा दिवसांनी पोचलेला फोटो म्हणजे पंचनामा.

१४ जून

तीन दिवस नुसतं नेटवर्क बघत फिरले. ३ पाड्यांवर कधीमधी फोरजी, २ वर फक्त टूजी, ४ वर शून्य. पण शून्य म्हणजे घराजवळ शून्य, कारण लोकांना जागा पक्क्या माहीत आहेत. एका ठिकाणी टेकाडावरचं महूचं झाड, दुसरीकडे बंधाऱ्याच्या भिंतीचं टोक, तेही उत्तरेकडे तोंड करून. एका बाईने मला हात धरून दगडावर उभं केलं आणि म्हणाली इथेच, एक पाऊल पण हलू नका ताई. खरंच, एक पाऊल हलले आणि काडी गेली.

सिम वाटताना एक चूक झाली होती ती आत्ता लक्षात आली. सगळ्यांना एकाच कंपनीचं सिम दिलं होतं आणि त्या कंपनीचं टूजी नाहीच, म्हणजे जिथे फक्त टूजी पोचतं तिथे तो फोन कॅमेरा म्हणूनच वापरायचा. दोन पाड्यांना दुसरं सिम घ्यावं लागणार.

सरकारने जुलै २०२२ मधे नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी न्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले, कामं चालू आहेत, मी त्याला नावं ठेवत नाही. पण इकडे गाव म्हणजे चार-पाच टेकड्यांवर पसरलेले सात-आठ पाडे असतात. एका पाड्यावर रेंज आली की कागदावर अख्खं गाव कव्हर झालं, आणि पलीकडच्या टेकडीवाला आपला महूच्या झाडाखालीच.

१९ जून

हिशोब करून बघितला. फोन १२ मेगापिक्सेलचा, एक फोटो साधारण ४ एमबी. पाड्यामागे आठवड्याला ३० फोटो धरले तर ९ पाड्यांचे २७० फोटो, एक जीबीच्या थोडं वर. टूजीवर अपलोडला मला प्रत्यक्षात ४० केबीपीएसच्या (सेकंदाला ४० किलोबिट, म्हणजे ५ केबी) आसपास मिळालं, तेही झाडाखाली आणि सकाळी. म्हणजे एक फोटो १३ मिनिटं आणि सगळे मिळून ६० तास. आठवड्यात तास १६८ आणि पोरं काय झाडावर राहायला गेलेली नाहीत.

सॅटेलाइटचा विचार डोक्यात आला आणि दोन मिनिटात गेला. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरता येत नाही, थुराया आणि इरिडियमवर तर बंदीच आहे. परदेशातून येणाऱ्या मित्राला "येताना एक घेऊन ये" म्हणायचं आणि तो विमानतळावर अडकायचा, नको.

एक बरं केलं, फोटो आणि माहितीसाठी ओडीके कलेक्ट हे ॲप टाकलं. नेट नसताना फॉर्म भरून ठेवता येतो, मिळालं की जातो, आणि फोटो किती पिक्सेलचा करायचा तेही आत ठरवता येतं: ३०७२, २०४८, १०२४ नाहीतर ६४०. मी १०२४ लावलं आणि स्वतःवर खूश झाले. ही खुशी किती टिकली ते पुढे येईलच.

२७ जून, ट्रेनिंग

शाळेच्या व्हरांड्यात ९ पैकी ८ आले, नववीच्या घरी पेरणी चालू होती. (पेरणीच्या आठवड्यात ट्रेनिंग ठेवणारी मी शहाणी.)

फोनच्या तारखेचा घोळ इथेच कळला. बॅटरी पूर्ण संपून दोन-तीन दिवस बंद राहिलेला फोन चालू केला की तारीख भलतीच, एकात १ जानेवारी २०१८. नेटवर्क मिळालं की सुधरते पण तोवर काढलेले फोटो २०१८ चेच राहतात. जीपीएसबद्दलही सगळ्यांचा समज की नेट नाही तर लोकेशन नाही. तसं नसतं, जीपीएस थेट उपग्रहावरून चालतं, नेट नसलं तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो एवढंच, मोकळ्या जागी पाच मिनिटं धीर धरून उभं राहायचं.

तारखेवरचा उपाय एका पोरीने काढला, मी नाही. शाळेतली पाटी उचलली, खडूने तारीख, पाडा, शेतकऱ्याचं नाव लिहिलं आणि म्हणाली आधी हिचा फोटो काढू ना ताई, मग अळीचा. मी एक्सेलमधे फाइलच्या नावांची मोठी पद्धत बनवून आणली होती, पाडा-कोड, तारीख-कोड, शेत-कोड, तीन अंकी नंबर. ती गुंडाळून ठेवली. आता प्रत्येक शेतात पहिला फोटो पाटीचा. मोजमापासाठी अळीशेजारी काडेपेटीतली काडी.

८ जुलै

पहिली खेप गेली आणि पूर्ण फसली.

३ पाड्यांवर मक्यात छिद्रं दिसायला लागलीत. पोरांनी फोटो काढले, झाड गाठलं, १०२४ वाले फोटो एकेक करून गेले, प्रत्येकी शंभर-दीडशे केबी, अर्ध्या मिनिटाच्या आत. मी धडगावात टेबल वाजवत बसलेले. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, म्हणाल्या हिरवी पानं छान दिसतायत गं, पण अळी कुठली आहे?

लष्करी अळी ओळखायची डोक्यावरच्या उलट्या इंग्रजी वायच्या (Y) खुणेवरून आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात बसलेल्या चार ठिपक्यांवरून. खोडकिडाही पोंग्यातच असतो, पानावर ओळीने छिद्रं करतो, लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. पोरांनी अख्खं झाड फ्रेममधे घेतलेलं. १२ मेगापिक्सेलमधे त्या अळीचं डोकं चाळीस-पन्नास पिक्सेलचं असेल, १०२४ केल्यावर राहिले दहा-बारा. दहा पिक्सेलात कसला वाय आणि कसले चार ठिपके! फोटो वेळेत पोचले, हलके होते, आणि काही उपयोगाचे नव्हते.

दोघांनी व्हॉट्सॲपवर पण पाठवले होते, तिथेही तेच, पाठवताना ते फोटो लहान करतं आणि वर फोटोतली तारीख-लोकेशन काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जाते, पण मग परत ४ एमबी, परत १३ मिनिटं, आणि बाराव्या मिनिटाला लाइन तुटली की पहिल्यापासून.

९ जुलै

रात्रभर तेच डोक्यात. फोटो बारीक करायचा म्हणजे सगळाच बारीक करायचा असं मी धरून चालले होते. पण मॅडमना त्या ४ एमबीतलं आकाश, बांध, मामाचं धोतर यातलं काही नकोय, अळीचं डोकं आणि शेपूट हवंय. म्हणजे दाबायचं नाही, कापायचं. मूळ फोटोतून अळीभोवतीचा ८०० बाय ८०० चा तुकडा कापला, पिक्सेल आहेत तसेच ठेवले, फाइल झाली ९० केबी. कालच्याच एका फोटोची मूळ फाइल फोनमधे राहिली होती, तिच्यावर केलं तर ठिपके चारही मोजता आले! फाइल कालच्यापेक्षा हलकी आणि माहिती कितीतरी जास्त.

ओडीकेमधलं १०२४ काढून टाकलं, फोटो फोनवर मूळ साइजमधेच राहू देत. कुठला तुकडा पाठवायचा ते डोंगरावरच ठरवायचं, जिथे अळी समोर आहे, पुण्यात नाही.

१३ जुलै

कापायला शिकवणं वाटलं तेवढं सोपं नाही. तिघांनी फोटो झूम करून स्क्रीनशॉट काढले आणि ते पाठवले. दिसायला तसंच दिसतं पण स्क्रीन ७२० पिक्सेल रुंद, झूम पुरेसं नसलं की फिरून तेच. आणि सगळ्यांची सवय लांबून झूम करून काढायची. शेवटी नियम केला: आधी जवळ जा, वीतभर अंतर, पोंगा हाताने उघडा, उन्हात छत्री धरा म्हणजे पान चमकत नाही, स्क्रीनवर अळीवर बोट टेकवा आणि मग काढा. एका बाबांनी विचारलं अळीला पण सावली लागते का फोटोला. लागते बाबा.

नेमका कुठला फोटो कापायचा हे पोरांना तरी कसं कळणार म्हणून दोन टप्पे केलेत. दिवसभरातले १२ फोटो एका पानावर चिकटवायचे, बारीक-बारीक, नंबर घालून. फोनवर टर्मक्स (कमांड चालवायचं ॲप) टाकलंय, त्यात इमेजमॅजिक (फोटो जोडायचं-कापायचं सॉफ्टवेअर), एक छोटी स्क्रिप्ट, होम स्क्रीनवरचं बटन दाबलं की पान तयार. साधारण १०० केबी, वीस सेकंदात जातं. मॅडम ते बघून एसएमएस करतात "४ डोकं, ७ शेपूट, ११ नको". मग तेवढेच तुकडे जातात. एसएमएस रोमनमधेच करायचं ठरलंय कारण मराठीत टाइप केलं की ७० अक्षरांत एक मेसेज संपतो, रोमनमधे १६०.

तुकडे आरसिंक नावाच्या फाइल पाठवायच्या प्रोग्रामने जातात, अर्धवट राहिलेली फाइल ठेवायला सांगितलंय, म्हणजे लाइन तुटली तरी तिथून पुढे. वीस तुकड्यांना पाच-सहा मिनिटं.

१६ जुलै

पहिलं खरं उत्तर आलं. सकाळी ८ वाजता पान गेलं, ९ ला एसएमएस, १० च्या आत तुकडे, दुपारी उत्तर: लष्करीच, अजून लहान, निंबोळी अर्क संध्याकाळी मारा, पोंग्यात पडला पाहिजे. दुसऱ्या पाड्याला सांगितलं तो खोडकिडा आहे, वेगळं बघू. दोन्हीचं नुकसान एकच समजून एकाच दुकानातून एकच बाटली आणायला निघालेले लोक थांबले. आज वरण-भात पोटभर जेवले.

२५ जुलै

चार दिवस काही नाही. टॉवर ज्या लाइनवर आहे ती पावसात गेली, बॅटरी काही तास पुरली आणि मग सगळं शांत. कंपनीच्या नंबरवर फोन करायला पण रेंज लागते हा विनोद इथे सगळ्यांना पाठ आहे.

मधल्या वेळात लोराचे (थोडा डेटा लांबवर नेणारा रेडिओ) दोन बोर्ड लावून बघितले, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन लागत नाही. मेसेज मस्त गेला, टेकडीवरून टेकडीवर. फोटो म्हणाल तर ९० केबीचे साडेचारशेच्या आसपास तुकडे होतात, मधे एक दरी आली की त्यातले शंभर हरवतात, मग परत मागा, परत पाठवा. दुपारभर बसून अर्धी अळी आली. बोर्ड डब्यात टाकले, निरोपांसाठी पुढे कधी उपयोगी येतील.

झाडावर जुना फोन हॉटस्पॉट करून टांगायचा प्रयोगही झाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पॉवरबँकसकट. पावसात पिशवीला आतून घाम, ऊन पडलं की फोन तापून बंद. पण सकाळी ६ ते १० चालतो. तेवढं पुरे.

३ ऑगस्ट

मूळ फोटोंचं काय हा प्रश्न राहिलाच होता. पुण्यातल्या सरांना सगळे फोटो हवेत, मूळ साइजमधे, लोकेशनसकट, डॅशबोर्डवर हिरवे ठिपके दिसले पाहिजेत आणि तेही रोजच्या रोज. मी म्हटलं सर, ठिपके आठवड्याने हिरवे होतील, अळी आठवडाभर थांबत नाही, आधी कोणाला वाट द्यायची? फोनवर थोडी गरमागरमी झाली. माझं म्हणणं अजून तेच आहे.

मूळ फोटो आता बोटीने. खालच्या ४ पाड्यांवरून आठवड्यातून दोनदा बोट असते, सरदार सरोवराच्या फुगवट्यातून, माणसं, किराणा, बकऱ्या सगळं एकत्र. पोरगं फोनमधलं मेमरी कार्ड काढून बोटवाल्या दादांना देतं, रिकामं कार्ड परत घेतं. रस्ता लागतो तिथून जीप, जीपवाला धडगावात चहाच्या टपरीवर ठेवतो, मी उचलते. वेळ दोन दिवस. ३२ जीबीचं कार्ड पूर्ण भरून दोन दिवसांत आलं तर हिशोबाने जवळजवळ दीड एमबीपीएस पडतं, झाडाच्या पस्तीसपटीहून जास्त! आपली बोट टूजीला कधीच मागे टाकते.

यात नवीन काही नाही म्हणा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात २००३ च्या सुमारास डाकनेट म्हणून प्रयोग झाला होता, बसवर वायफायचा डबा, बस गावातून गेली की तिथल्या कियॉस्कचा माल घ्यायची आणि शहरात आली की सोडायची. ओडिशा पोलिसांची कबुतरं तर १९९९ च्या चक्रीवादळात सगळ्या लाइनी पडल्यावर निरोप नेत होती. आणि २००९ मधे दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने वैतागून कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून सोडलं, कार्ड उतरवून घेईपर्यंत दोनेक तास लागले, तेवढ्यात ब्रॉडबँडवरून गेला होता ४ टक्के डेटा. आमच्याकडे कबुतर नाही, बकऱ्या आहेत.

११ ऑगस्ट

कार्ड आलं, पण वाचेना. नखाएवढं कार्ड हरवू नये म्हणून मीच म्हटलं होतं एखाद्या छोट्या डबीत घालून द्या. पोराने घरात जी छोटी डबी मिळाली ती घेतली, आजोबांची चुन्याची. बोटीत वरून पाऊस, डबीत ओल, कार्डाच्या पट्ट्यांवर पांढरी साय! टपरीवाल्याने आधी फुंकर मारली, मग बनियनला पुसलं. मी पेन्सिलच्या खोडरबराने हळूहळू घासलं, पंधरा मिनिटं, आणि आलं बाबा एकदाचं. ११५ पैकी ११२ फोटो. ३ कमी आहेत हे कळलं कारण प्रत्येक कार्डावर फाइलींची यादी आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा) ठेवायला लावलंय. आणि कार्ड वाचून ताळा झाल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही, कॉपी फोनच्या आत राहू द्यायची. ते ३ फोटो पुढच्या बोटीने.

धडगावच्या बाजारातून चुन्याच्या कोऱ्या डब्या घेतल्या, झाकण घट्ट बसतं, आत कापूस. दुकानदार म्हणाला मॅडम तंबाखू सुरू केली का.

२९ ऑगस्ट

विशेष काही नाही. पाट्या ठीक, पान ठीक. दोन पाड्यांवर खडू संपला म्हणून कोळशाने पुठ्ठ्यावर लिहिलं, चालतं. जूनमधे बोट लागायची तिथून घरापर्यंत चिखलातून बरंच चढायला लागायचं, आता पाणी वर येतंय तसा बोटीचा धक्का रोज वर सरकतोय. धरण पूर्ण भरलं की पातळी १३८.६८ मीटरला जाते.

१८ सप्टेंबर

हंगामाचा हिशोब मांडतेय. काढलेले फोटो ३,०००च्या वर, त्यातले तुकडे होऊन झाडाखालून गेले ते ३४०. बाकी सगळे बोटीने. उत्तर यायला लागलेला वेळ नेटवर्क असेल तर त्याच दिवशी, टॉवर बंद असेल तर ५ दिवसांपर्यंत, तिथे आम्ही हरलो आणि एका पाड्यावर दोन शेतांत अळी पोंग्यात गेली ती गेलीच. ते लपवायचं कारण नाही, रिपोर्टमधे टाकलंय. सरांचे ठिपके हिरवे झाले.

ज्या पोरीने पाटी उचलली होती तिच्या नावापुढे मी "पद्धत" असा कॉलम करून लिहिलंय. ऑफिसने विचारलं हे काय.

२ ऑक्टोबर

खालच्या पाड्यावरच्या बाबांनी आज अडवलं. म्हणाले अळीचे फोटो पुण्याला गेले, माझा पण गेला असेल, पाटी धरून मीच तर उभा होतो. मला कधी दिसणार? फोनवर दाखवला तर म्हणाले असा नको, हातात.

बरोबर आहे त्यांचं. बोट वर जाताना रिकामी कार्डंच नेत होती. २७ जणांचे पाटीवाले फोटो धडगावच्या स्टुडिओत प्रिंटला टाकलेत, चार बाय सहा, लॅमिनेशनसह, ओलीत टिकले पाहिजेत. एका फोटोत पाटीवर तारीख चुकलीय, ३१ जून लिहिलंय, ते तसंच ठेवलं.

गुरुवारच्या बोटीला द्यायचं सामान: प्रिंट २७, कोऱ्या डब्या ६, खडू दोन पेट्या, खोडरबर ९, रिकामी कार्डं ४. बोटवाल्या दादांचे मागच्या दोन खेपांचे पैसे. छत्री एक, जुनी बकरीने खाल्ली.